छापण्याआधी पडद्यावर: ऑक्युलर, एव्हिन्स आणि म्हातारा जीव्ही

लिनक्सवर छापण्याआधी पडद्यावर दिसतं ते दोनांपैकी एक असतं: तुमची फाइल, नाहीतर प्रिंटरकडे जाणारं पान. बहुतेक प्रोग्रॅम पहिलं दाखवतात आणि आपण ते दुसरं समजून कागद घालतो. वरची ओळ अर्धी कापली जाणं, १०० मिमीची रेघ ९६ भरणं, ‘दुसऱ्या’ या शब्दाचा चेहरा बदलणं, ही सगळी या एकाच गल्लतीची फळं. म्हणून इथे प्रत्येक प्रोग्रॅमला एकच प्रश्न लावला आहे: हा कागद दाखवतो, की नुसती फाइल?

तुलना डेबियन-उबुंटू घराण्यातल्या यंत्रांवर लागू पडेल अशी आहे. गिऱ्हाईक दोन प्रकारचं धरलं आहे. एक, घरी लेझर प्रिंटर असलेला. दुसरा, आप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन उभा राहणारा. पुण्यात दुसरा प्रकार जास्त, आणि त्याचं काम अवघड, कारण त्याची फाइल शेवटी दुसऱ्याच्या विंडोजवर उघडणार असते. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

ऑक्युलर

केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपचा पीडीएफ-वाचक ऑक्युलर रोजच्या वापरासाठी या यादीत पहिला. २०२२ मध्ये त्याला जर्मनीचं ‘ब्लू एंजल’ हे पर्यावरण-चिन्ह मिळालं. छपाईशी त्याचा संबंध नाही, पण जुन्या लॅपटॉपवर तो का रखडत नाही याचा अंदाज येतो.

त्याची खरी ताकद ‘फाइल’ मेनूतल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये आहे. तिथे पानाचा आकार मिलिमीटरमध्ये दिसतो आणि ‘फॉन्ट्स’च्या टॅबवर कुठला फॉन्ट फाइलमध्ये बसवलेला आहे, कुठला नाही, हे कळतं. दुसरी कामाची गोष्ट ‘व्ह्यू मोड’मधली समोरासमोर पानांची मांडणी. त्यात पहिलं पान एकटं ठेवणारा पर्याय निवडा, म्हणजे बांधलेलं पुस्तक उघडल्यावर जसं दिसेल तसं दिसतं. विषम पानं उजवीकडे आणि रुंद समास शिवणीकडे आला, की बाइंडिंगची निम्मी चिंता मिटली.

‘फाइल’ मेनूत ‘प्रिंट प्रिव्ह्यू’ही आहे, पण त्यावर विसंबू नका. तो छपाईचा डायलॉग उघडण्याआधीचा असतो, त्यामुळे डायलॉगमध्ये तुम्ही पुढे जी मापं ठरवाल ती त्यात नसतात. म्हणजे तो फाइलच दाखवतो, जरा सजवून.

डायलॉगमध्ये पान छापण्याजोग्या भागात बसवणं, पूर्ण कागदावर बसवणं आणि मूळ आकार ठेवणं असे तीन पर्याय आहेत. बसवण्याचा पर्याय निवडला की ‘फोर्स रास्टरायझेशन’ आपोआप चालू होतं, म्हणजे पानाचं चित्र करून प्रिंटरकडे पाठवलं जातं. अक्षरांच्या कडा थोड्या मऊ होतात, रांगेतली फाइल फुगते आणि कमी मेमरीचा प्रिंटर पानापानाला थबकतो. मजकूर छापायचा असेल तर मूळ आकारच ठेवा. उलट एखादं पान प्रिंटरवर सतत भलतंच येत असेल, पारदर्शक आकृती काळी ठिक्कर पडत असेल, तर हेच रास्टरायझेशन हातानं चालू करून बघा. बऱ्याचदा काम होतं.

एक बारकी खोड. आलेखातल्या केसासारख्या रेघा पडद्यावर ठळक दिसाव्यात म्हणून पीडीएफ बॅकएंडच्या, म्हणजे पीडीएफ उघडणाऱ्या भागाच्या, सेटिंगमध्ये ‘एन्हान्स थिन लाइन्स’ आहे. ती चालू असेल तर रेघ पडद्यावर झकास दिसते आणि कागदावर विरून जाते. छापण्याआधी बंद करा.

एव्हिन्स

एव्हिन्स हा ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचा बरीच वर्षं ठरलेला वाचक; ग्नोम ४९ पासून ती जागा ‘पेपर्स’नं घेतली. वाचक म्हणून एव्हिन्स ऑक्युलरच्या मागे आहे. पण त्याच्यासोबत येणारा छोटा प्रिव्ह्यूअर हा या सगळ्यांत कागदाच्या सर्वांत जवळ जाणारा. जीटीके या खिडक्या-बटणं पुरवणाऱ्या साहित्यावर बांधलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमच्या, अगदी माऊसपॅडसारख्या साध्या टिपणवहीच्या, छपाईच्या डायलॉगमध्ये ‘प्रिव्ह्यू’चं बटण दाबलं की पडद्यामागे एव्हिन्सच बोलावला जातो. आणि तो दाखवतो ते निवडलेला प्रिंटर, कागद आणि समास धरून तयार झालेलं पान. म्हणूनच एव्हिन्स काढून टाकलेल्या यंत्रावर ते बटण दाबलं की पान दिसण्याऐवजी चुकीचा निरोप येतो. इलाज दोन: एव्हिन्स परत टाका, किंवा जीटीकेच्या सेटिंग्ज फाइलमध्ये ‘जीटीके-प्रिंट-प्रिव्ह्यू-कमांड’ला दुसरा वाचक द्या.

डायलॉगमधला ‘पेज हँडलिंग’चा टॅब उघडल्याशिवाय छापू नका. तिथे ‘पेज स्केलिंग’ ठरलेलं येतं ते ‘श्रिंक टु प्रिंटेबल एरिया’. बहुतेक लेझर प्रिंटर चारही बाजूंना साधारण ४ मिमी जागा कोरी सोडतात. ए४ची रुंदी २१० मिमी. दोन्हीकडचे मिळून साडेआठेक मिमी गेले की उरतात २०१.५. भागाकार ०.९६. तुमचा अख्खा मजकूर चार टक्क्यांनी आकसतो. पत्राला, निबंधाला काही बिघडत नाही. पण १:१०० च्या नकाशावर पट्टी ठेवली की पाच मीटरची खोली चार मीटर ऐंशीची भरते, आणि स्टिकरच्या कागदावरचे पत्ते खालच्या ओळीपर्यंत जाताजाता चौकटीबाहेर घसरतात. अशा कामांना ‘नन’ निवडा आणि समास फाइलमध्येच पुरेसे ठेवा.

कागद कुठल्या देशाचा?

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुण्यातल्या यंत्रांवर हा घोळ घरोघरी असतो. लिनक्स बसवताना भाषा ‘इंग्लिश, युनायटेड स्टेट्स’ ठेवली, की कागदही अमेरिकेचा होतो: लेटर, २१६ बाय २७९ मिमी. आपला ए४ २१० बाय २९७. टर्मिनलवर ‘लोकेल -के’ पुढे ‘एलसी_पेपर’ मोठ्या अक्षरांत टंका. उंची २७९ आली तर तुम्ही अमेरिकेत आहात. ‘एमआर_आयएन’ किंवा ‘ईएन_आयएन’ लोकेलला, म्हणजे भारतातल्या मराठी किंवा इंग्रजीच्या मांडणीला, २९७ येते. सगळं यंत्र बदलायची गरज नाही, फक्त ‘एलसी_पेपर’ बदललं तरी पुरतं.

पीडीएफच्या पानाला स्वतःचा आकार असतो, म्हणून तिथे फार तर पान आकसतं. पोस्टस्क्रिप्ट ही पीडीएफच्या आधीची, प्रिंटरला पान सांगण्याची भाषा; तिच्यातल्या जुन्या फाइलमध्ये मात्र आकार लिहिलेला असेलच असं नाही. अशा फाइलची ‘पीएसटूपीडीएफ’नं पीडीएफ केली आणि त्यामागे काम करणाऱ्या घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमनं लेटर धरलं, तर पोस्टस्क्रिप्टचा आरंभबिंदू डाव्या-खालच्या कोपऱ्यात असल्यामुळे खालचा मजकूर शाबूत राहतो आणि वरून जवळजवळ १८ मिमी उडतात. उजवीकडे उलट ६ मिमीची कोरी पट्टी वाढते. वरचा मथळा गायब आणि उजवा समास उगाच रुंद, ही जोडी दिसली की फाइलमध्ये चूक शोधत बसू नका. आज्ञेत ‘-एसपेपरसाइज=ए४’ द्या; पहिला एस आणि ए४ लहान, मधला शब्द मोठ्या अक्षरांत.

पीडीएफसाठी ‘पीडीएफइन्फो’ चालवा. ए४ला साधारण ५९५ बाय ८४२ पॉइंट येतात, लेटरला ६१२ बाय ७९२. नुसती आज्ञा पहिल्याच पानाचं माप सांगते. प्रबंधात मध्येच स्कॅन केलेलं प्रमाणपत्र घुसवलेलं असतं आणि त्याचं माप हमखास वेगळं निघतं. तेव्हा ‘-एफ १ -एल १२०’ जोडून पानापानाचं माप मागा.

जीव्ही

आता म्हातारा. घोस्टस्क्रिप्ट एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये आणलं, त्यावर टिम थाइसन यांचं घोस्टव्ह्यू आलं, आणि योहान्स प्लास यांनी त्यातून जीव्ही घडवलं. राखाडी बटणं, स्क्रोलपट्टीची जुनी चाल, दाट पिक्सेलच्या पडद्यावर मुंगीएवढी अक्षरं. आजच्या कुणाला हे रोज वापरा म्हणून सांगणं ही चेष्टा होईल.

तरीही काढून टाकू नका. पोस्टस्क्रिप्टच्या बाबतीत तो अजूनही सर्वांत प्रामाणिक आहे: कागदाचा आकार तुम्ही बदलाल तसा तो पान कापून दाखवतो, त्यामुळे वर सांगितलेली १८ मिमीची कापाकापी डोळ्यांसमोर घडते. ‘--मीडिया=ए४’ आणि मग लेटर अशी दोनदा फाइल उघडा, फरक कळेल. ‘--वॉच’ दिलं की फाइल बदलताच तो ती पुन्हा वाचतो. विषम किंवा सम पानांवर खुणा करून तेवढीच छापण्याची सोयही त्यात आहे. दोन्ही बाजूंनी आपोआप न छापणाऱ्या प्रिंटरवर ती सोन्यासारखी.

हलक्या यंत्रासाठी झाथुरा चांगला. फाइल बदलली की स्वतःच ताजी करतो, आणि ‘:प्रिंट’ टंकलं की जीटीकेचा डायलॉग उघडतो. म्यूपीडीएफ सगळ्यांत चपळ, पण त्याला छापताच येत नाही. ‘आर’ दाबून फाइल ताजी करायची आणि बघायचं, एवढंच. फायरफॉक्स आणि क्रोम यांचे प्रिव्ह्यू वेबपानांपुरते उत्तम आहेत. मिळकतकराची पावती काढताना कडेचा वेबपत्ता आणि तारीख काढून टाकायला विसरू नका, म्हणजे झालं.

मराठी अक्षरं

ही परीक्षा प्रोग्रॅमची कमी आणि फाइलची जास्त. टर्मिनलवर ‘पीडीएफफॉन्ट्स प्रबंध.पीडीएफ’ चालवा. तक्त्यात ‘ईएमबी’ नावाचा स्तंभ येतो. त्यात एका जरी ओळीत ‘नो’ असेल, तर पडद्यावर आत्ता जे दिसतंय त्यावर विश्वास ठेवू नका. तो फॉन्ट तुमच्या यंत्रावर आहे म्हणून पान नीट दिसतंय. दुकानातल्या संगणकावर तो नसेल तर दुसरा कुठला तरी त्याच्या जागी बसेल.

हे सर्वाधिक घडतं ते जुन्या मजकुराच्या बाबतीत. पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टंकलेल्या फाइलींतली अक्षरं युनिकोड नसतात; रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट फाइलमध्ये नसला की कागदावर मात्रा घातलेली रोमन खिचडी उतरते. फॉन्ट स्वतःच्या यंत्रावर असेल तोवर ‘पीडीएफटूकैरो -पीडीएफ जुनी.पीडीएफ नवी.पीडीएफ’ चालवा. त्यातलं कैरो हे चित्रण-साहित्य फॉन्ट आत बसवूनच नवी फाइल लिहितं. मग पुन्हा ‘पीडीएफफॉन्ट्स’ लावून ‘येस’ आल्याची खात्री करा.

युनिकोडमध्ये दुखणं वेगळं. ऑक्युलरमध्ये पान ४०० टक्क्यांवर न्या आणि चार जागा बघा. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र चंद्रकोरीसारखा आडवा आहे का? ‘ल’ मराठी वळणाचा आहे की हिंदी? ‘श’ची गाठ कशी आहे? ‘विठ्ठल’मधली जोडाक्षरं जुळली की ठ खाली पाय मोडून पडलाय? र बिघडला असेल तर टंकताना साध्या र ऐवजी नुक्त्याचा ऱ वापरला नाही हे कारण. ल आणि श हिंदी वळणाचे आले, तर फॉन्ट बहुधा दोन्ही वळणं जाणतो, पण मजकुराची भाषा मराठी असल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही. लिबरऑफिसमध्ये मजकूर निवडून अक्षराच्या स्वरूपात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’ची भाषा मराठी करा. त्याच खिडकीत एक सापळा आहे: देवनागरीचा फॉन्ट आणि आकार रोमनपेक्षा वेगळे नोंदवलेले असतात. वरच्या पट्टीत १२ दिसतंय म्हणून मराठीही १२च असेल असं नाही.

पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केल्यावर वेलांट्या इकडेतिकडे गेल्या, तर घाबरू नका. तो शोधाचा आणि कॉपीचा प्रश्न आहे, छपाईत चित्र बरोबरच येतं.

साधी टेक्स्ट फाइल मात्र ‘एलपी’ या छापण्याच्या आज्ञेला थेट देऊ नका. छपाईव्यवस्थेचा, म्हणजे कप्सचा, टेक्स्ट फिल्टर जोडाक्षरं जुळवत नाही आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर ठेवून देतो. टेक्स्टचं पोस्टस्क्रिप्ट करणाऱ्या ‘एन्स्क्रिप्ट’ला तर युनिकोड मुळातच पेलत नाही. त्याच कामाचा ‘पॅप्स’ मात्र अक्षरं जुळवणारं पँगो वापरतो, त्याच्याकडून पोस्टस्क्रिप्ट करून जीव्हीत बघा. नाहीतर लिबरऑफिसच्या ‘सॉफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ’नं पीडीएफ करा आणि ती ऑक्युलरमध्ये बघा.

रंगीत पानं किती?

दुकानात रंगीत पान काळ्यापेक्षा कैक पटीनं महाग पडतं. १८० पानांत कुठली रंगीत आहेत हे कुठलाच वाचक-प्रोग्रॅम सांगत नाही. घोस्टस्क्रिप्ट सांगतं: ‘जीएस -ओ - -एसडिव्हाइस=इंककव्ह प्रबंध.पीडीएफ’. इथे ‘डिव्हाइस’ मोठ्या अक्षरांत, बाकी सगळं लहान. प्रत्येक पानामागे चार आकडे येतात, निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई पानाचा किती भाग व्यापते त्याचे:

०.००००० ०.००००० ०.००००० ०.०४२१३

पहिले तिन्ही शून्य, म्हणजे पान काळं-पांढरं. पण शून्य नाही म्हणून लगेच रंगीत समजू नका. पिवळसर कागदावरून रंगीत स्कॅन केलेलं प्रमाणपत्रही आकडे दाखवतं. अशी पानं डोळ्यांनी तपासा. आणि इथला पानक्रमांक फाइलमधला असतो. सुरुवातीची १२ पानं रोमन अंकांची असतील तर छापील ३० वं पान इथे ४२ वं. मग ‘क्यूपीडीएफ प्रबंध.पीडीएफ --पेजेस . ५,४२,७७ -- रंगीत.पीडीएफ’ करून ती पानं वेगळी काढा.

आलेख काळ्या-पांढऱ्यातच काढायचा असेल तर आधी ‘पीडीएफटूपीपीएम -आर ३०० -ग्रे -पीएनजी -एफ ४२ -एल ४२ प्रबंध.पीडीएफ पान’ करून ते चित्र बघा. लाल आणि हिरव्या रेघा एकाच राखाडी छटेत विरघळताना दिसल्या, तर एकीला तुटक करणं तुमच्याच हातात आहे. ऑक्युलरच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये काळं-पांढरं करण्याची सोय आहे, पण ती मधल्या छटा काळ्या नाहीतर पांढऱ्याकडे ढकलते. या कामाला ती निरुपयोगी.

लिबरऑफिस आणि कोरी पानं

कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून दिसणारा प्रिव्ह्यू ठीक आहे. गोम वेगळीच: प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू व्हावं असं ठरवलं असेल, तर लिबरऑफिस मध्ये स्वतः कोरी पानं घालतं, पण पीडीएफ काढताना ती सोबत द्यायची की नाही हे वेगळं विचारतं. निर्यातीच्या खिडकीतली ‘ऑटोमॅटिकली इन्सर्टेड ब्लँक पेजेस’ची खूण लावली नाही, तर दोन्ही बाजूंनी छापताना पहिल्या कोऱ्या पानापासून पुढचं सगळं एका पानानं सरकतं आणि रुंद समास शिवणीच्या उलट बाजूला जातो. ऑक्युलरची समोरासमोर पानांची मांडणी इथे उपयोगी पडते. प्रकरणं चाळा, एखादं डावीकडे सुरू झालं की समजलं.

एका बाजूवर दोन पानं बसवायची असतील तर कप्स-पीडीएफ नावाचा आभासी प्रिंटर बसवा आणि ‘एलपी -डी पीडीएफ -ओ नंबर-अप=२’ करा; डी नंतरचा ‘पीडीएफ’ मोठ्या अक्षरांत. घरच्या फोल्डरमधल्या ‘पीडीएफ’ फोल्डरात पडलेली फाइल उघडली की कप्सनं पानं कशी मांडली ते दिसतं. समासांसाठी तिच्यावर जाऊ नका, ते त्या आभासी प्रिंटरचे असतात. आणि ती फाइल दुकानात देऊ नका, मूळचीच द्या.

दुकानाच्या काउंटरवर

पेन ड्राइव्हवर फक्त पीडीएफ न्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, पानांचे फोटो म्हणून नव्हे. आणि मुख्य पान किंवा आकृतीचं एक पान वेगळं ठेवा, ज्याच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची रेघ आहे. समोरच्या संगणकावर ‘फिट’ निवडलेलं असण्याची शक्यता दाट, म्हणून सांगायचं: “दादा, फिट नको, ॲक्चुअल साइजवर काढा. आधी हे एकच पान द्या.” पान हातात आलं की पट्टी लावा. रेघ ९६ भरली तर बाकीच्या १७९ पानांना हात लावू देऊ नका.